चित्रातल्या माणसाला हार

दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये भांडी आपोआप वाजायची. विमान उतरायला लागलं की आधी खिडकीची काच, मग फळीवरचे कप, मग बाबांच्या ब्रशांचा स्टीलचा डबा, अशा ठरलेल्या क्रमानं सगळं थरथरायचं. आई बोलता बोलता वाक्य मध्येच सोडायची आणि विमान गेलं की नेमकं तिथूनच पुढे उचलायची. नव्या माणसाला वाटायचं, बाई विसरली. आई काही विसरायची नाही. अपमान तर मुळीच नाही. माझ्या स्वभावातला तिखटपणा तिच्याकडूनच आलाय, असं ताई म्हणते, आणि म्हणताना कौतुक करतेय की टोमणा मारतेय हे मला अजून कळलेलं नाही.

घरात दोन वास कायम असत, टर्पेंटाईनचा आणि नाशिकहून आणलेल्या काळ्या मसाल्याचा. मटकीच्या उसळीलाही टर्पेंटाईनची किंचित चव लागते, अशी आमची समजूत होती. उसळ आम्ही खुबूसबरोबर खायचो, कारण संध्याकाळी बेकरीतून गरम खुबूस आणणं पोळ्या लाटण्यापेक्षा सोपं होतं. बाबा घरी आले की आधी नखांतला रंग काढत बसायचे. नाशिकला चित्रकलेचा डिप्लोमा करून ते दोह्यात एका इंटिरियरच्या कंपनीत लागले होते. श्रीमंतांच्या मजलिशीत, म्हणजे बैठकीच्या दालनात, छताला सोनेरी वेलबुट्टी काढायची, भिंतीवर धबधबे काढायचे, कुणाला हवं असेल तर परदेशी पुस्तकातलं एखादं जुनं तैलचित्र हुबेहूब उतरवून द्यायचं, हे त्यांचं काम. स्वतःचं चित्र काढायला वेळ कुठला? विचारलं तर म्हणायचे, “रिटायर झाल्यावर, इन्शाल्ला.”

त्या काळात तिथून बाहेर पडायचं तर मालकाच्या सहीचा एक्झिट परमिट लागे. नोकरी देणारा अरबी मालक, म्हणजे कफील, त्याची सही नसेल तर तिकीट हातात असूनही माणूस विमानतळावरून परत. आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं जात आणि त्यातल्या एकातही बाबांना स्वतःच्या मर्जीनं बसता येत नसे, ही गोष्ट लहानपणी मला हवेतल्या उकाड्यासारखी वाटायची. असतोच तो. तिचा खरा अर्थ ताईचं लग्न ठरल्यावर कळला.

ताईचं लग्न सिन्नरच्या सोनवण्यांकडे ठरलं. मुलगा शिक्षक, माणसं साधी, मुहूर्त वैशाखातला. आई आणि ताई तयारीला आधी जाणार, माझी बारावीची परीक्षा संपली की मी आणि बाबा मागून जाणार, असं ठरलं. बाबांनी कंपनीत महिनाभर आधी सांगून ठेवलं. कंपनीचा सगळा कारभार पाहणारे जगदाळे साहेब कोल्हापूरकडचे. कफील फक्त सही करायचा, कुणाचा कागद त्याच्यापुढे ठेवायचा ते साहेब ठरवायचे. ते हसून म्हणाले, “मास्तर, पोरीचं लग्न म्हणजे जायलाच पाहिजे. फक्त त्याआधी माझं एक घरचं काम करून द्या.”

घरचं काम म्हणजे कुटुंबाचं चित्र. अल दुहैलला साहेबांनी नवा व्हिला घेतला होता. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस तिथे साजरा व्हायचा होता, आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे मॅडमनी, युरोपच्या सहलीतून एक भलंमोठं पुस्तक आणलं होतं. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या श्रीमंत घराण्यांची चित्रं. काळे कपडे, गळ्याभोवती पांढऱ्या चुण्यांच्या ताटल्या, मागे मखमली पडदा. मॅडमना तसंच चित्र हवं होतं, दिवाणखान्याची पूर्ण भिंत व्यापणाऱ्या कॅनव्हासवर.

ते पुस्तक बाबांनी अभ्यासाला घरी आणलं आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकच्या चादरीवर ठेवलं. आई अजून गेली नव्हती. उसळीची पातेली बाजूला सरकवून आम्ही चौघं पुस्तकावर वाकायचो. बाबा इतके कधी बोलत नसत. “हा खांब उगाच नाही. घराणं पक्कं आहे, असं सांगायला खांब. टेबलावर गालिचा टाकलाय बघ, त्याचा व्यापार कुठवर पोचलाय ते सांगायला. पायाशी कुत्रा म्हणजे बायको एकनिष्ठ.” त्यावर आई म्हणाली, “आणि नवऱ्याच्या निष्ठेला काय काढतात? काहीच नाही ना? वाटलंच.” मुलीच्या हातात द्राक्षाचा घड असेल तर तो देठाला धरलेला, त्यात शील. मोती, हातमोजे, लिंबाची अर्धी सोललेली साल, प्रत्येकात काहीतरी मतलब. पुरुष नेहमी बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, बायको उजव्या हाताला. “म्हणजे त्याच्या डावीकडे ती,” बाबांनी बोट ठेवून समजावलं, “हा नियमच.” एका चित्रात ढगांत दोन उघडीनागडी बाळं होती. ताईनं विचारलं, ही कोण? बाबा म्हणाले, “त्यांची गेलेली मुलं. त्यांनाही कुटुंबात धरलंय.” आईनं पान उलटलं. “जेवताना नको,” म्हणाली.

(पुढे फार वर्षांनी परदेशातल्या एका संग्रहालयात मी असं खरंखुरं चित्र पाहिलं. सोबतची माणसं मखमलीचं कौतुक करत होती आणि मी ढगांकडे बघत उभी होते. त्या लोकांना गेलेली माणसं जिवंतांच्या शेजारी काढताना भीती कशी वाटत नव्हती, हेच मनात येत होतं. आपल्याकडे ती भीती किती मोठी असते, ते तोवर मला पुरेपूर माहीत झालं होतं.)

आई आणि ताई गेल्या आणि घर एकदम मोठं झालं. माझी परीक्षा संपल्यावर बाबा मला दुपारी व्हिलावर नेऊ लागले, पॅलेट पुसायला आणि घरी एकटी नको म्हणून. जगदाळ्यांना वेळ नसे. ते चेहऱ्यापुरते बसायचे, बाकी अंगाला मी बसायची. मॅडमचा शालू मी नेसलाय, साहेबांचा कोट मी चढवलाय, त्यांच्या मुलीचे झगमगीत सँडलही माझ्याच पायात होते. मुलगा बाबांना म्हणायचा, “अंकल, मला टॉलर करा ना.” दोन्ही मुलांना मराठी समजायची, बोलायची मात्र लाज वाटायची. बाबांनी त्याला चार बोटं उंच केला.

चित्र पुरं होत आलं की काहीतरी निघायचंच. साहेबांना खिडकीतून गाडी दिसायला हवी होती, नवी लँड क्रूझर. बाबा म्हणाले, “साहेब, त्या काळात गाडी...” “काळ कुठला? चित्र माझं आहे की नाही?” गाडी आली. मग कॉर्निशवरची, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावरची, उंच इमारत आली, तिचं फर्निचर आमच्या कंपनीनं केलं होतं म्हणून. मग मॅडमनी नवे हिरे घेतले, ते आले. मग एका अरब मित्राच्या घरी बहिरी ससाणा पाहिला, तो आला. तैलरंग घाईनं वाळत नाही, खालचा थर वाळल्याशिवाय वर हात लावता येत नाही. म्हणजे त्यांच्या श्रीमंतीची प्रत्येक नवी खूण ताईच्या लग्नातून बाबांचे काही दिवस खात होती. हे मला कळत होतं, बाबांना कळत होतं, आणि करक चहाचे कप पुढे करणाऱ्या मॅडमना ते कळून घ्यायचं नव्हतं. मला त्या घराचा इतका राग यायचा की त्यांच्याकडचा खजूर मी तोंडात न घालता रुमालात बांधून आणायची आणि खाली मांजरांना टाकायची. मांजरं खजूर खात नाहीत, हाही राग होताच.

आईचा फोन यायचा. “तिकीट काढलं का?” एवढाच प्रश्न. बाबा म्हणायचे, “होईल. सही राहिलीये.” मग माझ्याकडे रिसीव्हर देऊन बाल्कनीत जायचे. त्या बाल्कनीतून विमानांची पोटं दिसायची, चाकं बाहेर काढलेली, इतकी जवळ.

शेवटची हौस मॅडमची. पुस्तकातल्या एका चित्रात नवराबायकोच्या डोक्यावर पंखवाल्या बाळांनी फुलांचा भरगच्च हार धरला होता. मॅडम म्हणाल्या, “हे पाहिजेच. पंचविसावा आहे आमचा.” बाबांना त्यात पहिल्यांदाच गोडी लागली. त्यांनी युरोपातली फुलं सोडून झेंडू, शेवंती, मधूनमधून तुळशीची मंजिरी काढली. गोदाकाठच्या फुलबाजारातून उचलून आणावा तसा हार झाला. काय सुरेख होता! बाबा मागे सरून बघत राहिले. इतक्या दिवसांत त्या कॅनव्हासवर त्यांचं स्वतःचं असं काही पहिल्यांदाच उमटलं होतं. चित्र संपलं होतं. वाळलं की सही, आणि सही झाली की विमान. लग्नाला अजून वेळ होता.

आणि जिजी आल्या. साहेबांच्या आई, समारंभासाठी गावाहून खास आणलेल्या. नऊवारी, पायात मुलाचे स्पोर्ट्स शूज, कारण गार फरशी सोसत नव्हती. त्या दिवाणखान्यात आल्या, चित्रासमोर थांबल्या, नि एकदम डोक्यावरचा पदर घट्ट केला.

“आरं, ह्ये काय काढलंयस? जित्या माणसास्नी हार? फोटूतल्या माणसाला हार कवा घालत्यात, ठावं न्हाई व्हय कुनाला?”

मॅडमचा चेहरा उतरला. साहेब म्हणाले, “आई, ती फॉरेनची पद्धत आहे.”

“फारेनची मानसं मरत न्हाईत व्हय? त्यो हार हाय तवर म्या ह्या घरात पानी पिनार न्हाई.”

जिजींचं खोटं नव्हतं. हे आमच्या घरातल्या कुणालाही सहज सुचायला हवं होतं. चौकटीतल्या माणसाला हार म्हणजे माणूस गेला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाबा त्या पुस्तकात इतके बुडाले होते की त्यांना फुलं दिसली, हार दिसला नाही. मॅडमना फॉरेन दिसलं. आणि मला तर फक्त सही दिसत होती.

हार काढायचा म्हणजे रंग खरवडायचा, मागचा पडदा नव्यानं रंगवायचा, तो वाळू द्यायचा, पंखवाल्या बाळांचे उचललेले हात कुठेतरी नेऊन ठेवायचे. समारंभ आणि लग्न एकाच आठवड्यात. त्या दुपारी बाबांनी साहेबांपुढे हात जोडले. मी पॅलेट धरून मागे उभी होते.

“साहेब, मला जाऊ द्या. लग्न लावतो आणि तिसऱ्या दिवशी परत येतो. तोवर चित्रावर कापड टाका. माझी पोरगी आहे हो, थोरली. कन्यादान आहे.”

“मास्तर, तुमच्यावर विश्वास आहे माझा. पण याआधी आईच्या आजारपणाला म्हणून गेलेली माणसं परत आली नाहीत. गेस्ट लिस्टमध्ये कफील स्वतः आहे. भिंत रिकामी कशी ठेवू?”

“मग मी काय करू?”

“लवकर संपवा. संपलं की त्याच दिवशी सही. माझा शब्द.”

बाबा त्यांच्या पायाशी वाकले. खरंच वाकले. साहेब घाईनं मागे सरले आणि म्हणाले, “अहो, असं नका करू,” आणि खिशातला फोन वाजला तसे बाहेर गेले. मॅडमनी मला विचारलं, “बाळा, चहा घेतेस?” मी आजवर कुणालाही त्या वेळेइतके मनातून शिव्याशाप दिलेले नाहीत. गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, “आईला सांगू नकोस, मी वाकलो ते.” मी सांगितलं नाही. आज इथे पहिल्यांदा लिहितेय.

त्यानंतर बाबा लहान मुलासारखे आशा धरून होते. हीटरनं रंग वाळतो का, एसी बंद ठेवला तर, पंखा लावला तर. लवकर वाळायचं औषध त्यांनी इतकं घातलं की पडद्याला सुरकुत्या पडल्या आणि तो भाग पुन्हा खरवडावा लागला. माझं तिकीट झालं होतं, मी वडिलांच्या व्हिसावर, मला जायला आडकाठी नव्हती. माझं निघणं जवळ आलं तसा बाबांनी कपाटामागून एक लहान कॅनव्हास काढला. जेवणाच्या टेबलावर आरसा ठेवला आणि दोन दुपारी स्वतःकडे बघत बसले.

“मी येत नाही ना,” म्हणाले, “मग मला घेऊन जा.”

खांब नाही, पडदा नाही. पाठीमागे आमच्या घराची नुसती पांढरी भिंत. डोक्याला फेटा, तोही डोळ्यांसमोर नसताना काढलेला, अंगावर उपरणं, आणि छातीशी धरलेली ओंजळ. कन्यादानाला मुलीच्या बापाच्या ओंजळीतून पाणी सोडतात, ती ओंजळ. तीत पाणी होतं, काठापर्यंत. स्वतः ते चौकटीच्या डाव्या अंगाला होते आणि उजवं अंग मोकळं सोडलं होतं. मी विचारलं, इथे काय काढायचं राहिलं? “काही नाही. ती तुझ्या आईची जागा. चित्र खुर्चीवर ठेव आणि आईला शेजारी बसव, म्हणजे आम्ही दोघं पुरे होऊ.” बोलता बोलता विमान आलं, डबा वाजला, आणि बाबा आईसारखे मध्येच थांबले. विमान गेल्यावर त्यांनी वाक्य पुढे उचललं नाही.

रंग ओला होता. त्यांनी चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे ठोकून वर पुठ्ठा बांधला, म्हणजे कशाचाच स्पर्श व्हायला नको. “पृष्ठभाग वाळल्यासारखा दिसेल, पण हात लावू देऊ नकोस कुणाला. ओंजळ आणि छाती जाड रंगाची आहे, आतून वाळायला वेळ घेईल.” मी ते चित्र विमानात मांडीवर उभं धरून आणलं.

नाशिकच्या मंगल कार्यालयात पुठ्ठा काढला तेव्हा आईनं मोकळ्या जागेवर बोट नेलं, टेकवलं नाही, आणि म्हणाली, “कन्यादानाला बायको उजवीकडे बसते. एवढंही विसरले? त्या गोऱ्यांच्या पुस्तकानं डोकं फिरवलंय.” आणि हुंदका फुटला तिला. कन्यादान काका-काकू करणार होते. तरी तिनं चित्र बाजारातल्या सोनेरी चौकटीत बसवून घेतलं, खुर्ची आणवली, तिच्यावर ते ठेवलं, स्वतःची खुर्ची बाबांच्या उजव्या बाजूला लावली आणि बसली. चित्रातली मोकळी जागा मोकळीच राहिली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी व्याहीभेट होती. दोन्हीकडचे वडील एकमेकांना हार घालतात, गळाभेट घेतात, मग मामा, काका, क्रमानं. सोनवणे, ताईचे सासरे, उंचापुरे, मोठ्या मनाचे माणूस. गुरुजी म्हणाले, “मुलीचे वडील?” काका पुढे होऊ लागले, तर सोनवण्यांनी हातानं थांबवलं.

“अहो, व्याही आलेत की. हे काय, फेटा बांधून बसलेत! पहिला मान त्यांचाच.” आणि आम्हाला कुणाला काही कळायच्या आत झेंडूचा टपोरा हार त्यांनी चित्राच्या गळ्यात घातला, चित्राला दोन्ही हातांनी आलिंगन दिल्यासारखं केलं, आणि हसत मागे वळले.

कुणीच हसलं नाही. फेटा बांधलेला माणूस, सोनेरी चौकट, त्यावर हार. बायकांच्या रांगेतून आधी कुजबुज आली. मग आईची किंकाळी. तशी किंकाळी मी नंतर कधी ऐकली नाही. ती उठली, दोन्ही हातांनी हार ओरबाडला आणि फेकला. “जिवंत आहेत ते! जिवंत आहेत!” सोनवणे जागीच थिजले. “वहिनी, मी मानानं...”

ही चूक आपल्यातच होते. दुसऱ्या कुठल्या मुलखात सासऱ्यानं व्याह्याच्या चित्राला फुलं घातली असती तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. इथे सासरकडची एक आत्या स्पष्टच बोलली, “खरं सांगा बाई. माणूस गेलाय आणि लपवलंय का? सुतकात लग्न लावताय का? लेकीच्या लग्नाला बाप येत नाही असं कधी असतं का?” बाप का आला नाही? एका घराच्या भिंतीवरचा पडदा वाळला नाही म्हणून. हे कोण खरं मानणार? ताई हळदीच्या अंगानं दारात उभी होती. कुणीतरी म्हणालं, उद्याचं पुढे ढकलू, चौकशी करू. म्हणजे मोडलंच. काका जिवाच्या आकांतानं सगळ्यांना समजावत होते आणि त्यांचा चढलेला आवाजच जास्त संशय वाढवत होता.

व्हिलाचा नंबर मला पाठ होता. मी सोनवण्यांचा हात धरला, सरळ हात धरला, आणि म्हणाले, “चला.” कार्यालयाबाहेर एसटीडी-आयएसडी बूथ होता. काचेच्या त्या कपाटात मी, आई, सोनवणे आणि ती आत्या, चौघं कोंबून उभे, बाहेर निम्मं वऱ्हाड काचेला नाकं लावून. लाइन लागेना. पुन्हा लावला. बिझी. पुन्हा. आईनं माझा खांदा इतका घट्ट धरला होता की तिची बोटं हाडात रुतत होती. “गेलेत का गं?” ती पुटपुटली. “मला सांगत नाहीस का तू?” तिलाच आता खात्री राहिली नव्हती.

शेवटी उचलला. “कोन बोलतंय?” जिजी. मागे समारंभाची वाद्यं जुळवणं चाललेलं.

“जिजी, मी मास्तरांची धाकटी. बाबा आहेत का?”

“हाय की. शिडीवर हाय, चित्र टांगतोय. का गं, रडतीस का?”

मी सांगितलं. हार, लोक, सगळं. जिजी म्हणाल्या, “आत्ता गं बया! म्या हितला हार उतरवला आन् तिकडं त्याच्याच गळ्यात पडला व्हय!” आणि त्यांची हाक, भिंती हादरवणारी, “मास्तर! उतर खाली! टाक ती चौकट, जाऊ दे फुटली तर!”

बाबांचा आवाज आला. “काय झालं? ताई बरी आहे ना?” मी रिसीव्हर सोनवण्यांच्या कानाला लावला. त्यांचं पांढरं पडलेलं तोंड मला अजून दिसतं.

“व्याही? तुम्हीच ना? ... अहो, माझ्या हातून... मी तुमच्या चित्राला हार घातला हो. मानानं घातला. मला माफ करा.”

बाबा काय म्हणाले ते आम्हाला ऐकू आलं नाही. सोनवण्यांनी पुढे आम्हाला कितीदा तरी सांगितलं. बाबा म्हणाले होते, “घातलात? मग झाली की व्याहीभेट. माझाही हार तुम्हाला पोचला समजा.” सोनवणे त्या काचेच्या कपाटात ढसाढसा रडले. मग रिसीव्हर आत्याकडे, मग आईकडे. आई फक्त “हं” म्हणाली. दोनदा, तीनदा, “हं.” आणि मग ओरडली, “उजवीकडे बसते बायको! उजवीकडे!”

लग्न लागलं. काकांच्या ओंजळीतून पाणी पडलं आणि ताईनं एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही, ती खुर्चीकडे बघत होती. जगदाळ्यांनी शब्द पाळला, त्याच दिवशी कागद पुढे केला. कफील पाहुणा म्हणून आला, जेवला, चित्राचं कौतुक केलं, आणि सही आठवड्याची सुट्टी संपल्यावर झाली. बाबा आले तेव्हा घरापुढचा मांडव उतरला होता. अंगणात बांबू रचून ठेवले होते. बाबा त्यांच्यावरच बसले. आईनं पाणी दिलं, ते प्यायले, आणि विचारलं, “पाठवणीला फार रडली का?” मग हातांनी तोंड झाकून रडले. आई शेजारी उभी राहिली. तिनं त्यांना रडू दिलं.

चित्र दुसऱ्या दिवशी पाहिलं त्यांनी. आईनं हार ओरबाडला तेव्हा जाड ओला रंग त्याच्याबरोबर निघाला होता. छातीवरून ओंजळीपर्यंत एक ओरखडा, पाणी पुसलं गेलेलं, आणि रंगात रुतून बसलेल्या झेंडूच्या पाकळ्या. मी म्हटलं, बाबा, एका दिवसाचं काम आहे, काढून टाका. ते ब्रश घेऊन बसलेही. बराच वेळ बसले. मग पाकळ्यांवरून तसंच व्हार्निश फिरवलं. “हे व्याह्यांचं काम आहे,” म्हणाले. “यात मी हात घालत नाही.”

आईनं सोनवण्यांना क्षमा केली नाही. ताईच्या घरी जायची, जेवायची, पण त्यांच्याशी बोलायची नाही. बाबांना साधी सर्दी झाली तरी तिची नजर त्या पाकळ्यांकडे जायची. बाबा पुढे पुष्कळ जगले. दोहा सोडलं, नाशिकला आले, स्वतःची चित्रं काढायला बसले आणि चार-दोन काढलीही. अल दुहैलच्या भिंतीवरचं ते चित्र, लँड क्रूझरसकट, अजून आहे की नव्या मालकानं उतरवलं, मला माहीत नाही. ते विमानतळसुद्धा आता हललंय म्हणे, तिथल्या घरांत कप वाजत नसतील.

बाबा गेले ते झोपेत. तेराव्याला सोनवणे आले, आता काठी टेकत. हातात पिशवी होती. चित्र बैठकीत ठेवलेलं, चौकट उघडी. जो तो येऊन हात जोडून जात होता, हार घालायला कुणी धजत नव्हतं, सगळ्यांना ती गोष्ट माहीत होती. सोनवणे पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसून राहिले. तिच्या तोंडातून झेंडू दिसत होता. आई चित्रातल्या बाबांच्या उजवीकडे बसली होती. तिनं ती पिशवी पाहिली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

“व्याही, आणलाय ना? घाला. आता चालतं.”